नोकरदारांचं प्रेम आणि मालकांचं प्रेम

बुडापेस्टमधल्या कॅफे निझाच्या काचेबाहेर आल्फ्रेड क्रालिक उभा आहे. आत एका टेबलाशी एक मुलगी त्याची वाट बघत बसली आहे. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली आहेत, पण पाहिलेलं नाही. खूण ठरली आहे: टॉल्स्टॉयची 'ॲना कॅरेनिना' आणि सोबत लाल कार्नेशनचं फूल. सगळं जमून आलंय आणि हा गडी आत जायला तयार नाही. लाजतोय म्हणून नव्हे. आजच त्याची नोकरी गेली आहे. पत्रांतून इतक्या उंच उंच गोष्टी केल्यावर बेकार माणूस म्हणून तिच्यासमोर कुठल्या तोंडाने बसायचं? म्हणून तो सोबत आलेल्या पिरोविचला म्हणतो, तूच जा आणि ही चिठ्ठी देऊन ये. आणि जाण्याआधी, बाबा रे, काचेतून जरा बघून तरी सांग, कशी आहे ती.

हा 1940चा 'द शॉप अराउंड द कॉर्नर'. आता 1998मधलं न्यूयॉर्क. कॅफे लालोच्या बाहेर जो फॉक्स उभा आहे, सोबत मित्र आहे, आत मुलगी आहे, पुस्तक 'प्राइड अँड प्रेज्युडिस' झालंय आणि फूल गुलाबाचं. हाही मित्राला आत डोकवायला लावतो. काचेशी उभ्या राहिलेल्या मित्राचं उत्तरही तेच: ती अमकी तुला आवडत नसेल, तर ही पण आवडायची नाही. पण जो फॉक्सला घोर कसला? ती दिसायला कशी असेल याचा. नोकरी जायचा प्रश्नच नाही, दुकानांची अख्खी साखळी आजोबा-वडिलांपासून घरचीच आहे.

'यूव्ह गॉट मेल' हा त्या जुन्या सिनेमाचा रीमेक आहे हे बहुतेकांना माहीत असतं. दोन्ही पाहिलेल्यांमध्ये मग पत्र की ईमेल, कृष्णधवल की रंगीत, जेम्स स्ट्युअर्ट की टॉम हँक्स असे वाद रंगतात. मला या दोन सिनेमांतला खरा फरक त्या काचेबाहेरच्या दोन भीतींमध्ये दिसतो. पहिल्यात प्रेमात पडतात ते पगारावर जगणारे. दुसऱ्यात प्रेमात पडतात ते मालक. बाकीचे सगळे फरक मागाहून आलेले आहेत.

मूळ गोष्ट मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराची. त्याचं 'पार्फ्युमरी' हे नाटक 1937चं, आणि त्यातलं दुकान अत्तरांचं. 1938मध्ये लास्लो अमेरिकेत आला. पटकथा सॅमसन राफेल्सनची, दिग्दर्शन अर्न्स्ट लुबिचचं. लुबिचने अत्तरांच्या जागी चामड्याच्या वस्तू आणल्या: बॅगा, पाकिटं, सुटकेसी. हा लुबिच मूळचा बर्लिनचा, एका ज्यू शिंप्याचा मुलगा. दिवसा वडिलांच्या धंद्यात हिशेब बघायचा आणि रात्री मॅक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीत लहानसहान भूमिका करायचा. त्याच्या अगदी सुरुवातीच्या मूकपटांतही दुकानं आहेत; 1916चा 'शूपालास्ट पिंकस' तर चपला-बुटांच्या दुकानातल्या उचापती पोराचाच. हॉलिवुडमध्ये आल्यावर मात्र त्याची ख्याती झाली ती राजवाडे, शँपेन आणि बंद दारांसाठी. बंद दाराआड काय चाललंय हे न दाखवता कळवणं हा त्याच्या हातचा मळ. असा माणूस वयाच्या सत्तेचाळिशीत पुन्हा एका मध्यम दुकानात शिरतो, आणि तिथे काय काय असतं हे त्याला आतून ठाऊक असतं.

सुरुवातच बघा. सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळे नोकर बाहेर ताटकळत उभे आहेत, कारण किल्ली मालकाकडे. मालक, म्हणजे मातुशेकसाहेब, टॅक्सीतून येतात आणि टॅक्सीचं दार उघडायला वादाश नावाचा चकचकीत कपड्यांतला सेल्समन पुढे धावतो. एका मिनिटात सगळ्यांची जागा कळते: कोण चापलूस, कोण बिचारा, कोण मालकाच्या मर्जीतला. क्रालिक मर्जीतला आहे. आदल्या रात्री त्याला मालकाच्या घरी जेवायला बोलावलं होतं, आणि तिथल्या हंसाच्या काळजाने बिघडलेलं पोट ताळ्यावर आणायला सकाळी तो सोडा मागवतो. मालकाच्या घरचं जेवण नोकराला कसं पचतं, हे याहून कमी शब्दांत कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

मग क्लारा नोव्हाक येते. क्रालिकला वाटतं गिऱ्हाईक आलं, आणि तो लोण्यासारखा मऊ होतो. तिला नोकरी हवी आहे असं कळताच आवाज बदलतो. स्ट्युअर्टने हा बदल इतका साधा ठेवलाय की एकदा पाहून सुटून जाईल. तेवढ्यात मातुशेकसाहेबांच्या डोक्यात एक खूळ शिरलेलं असतं: झाकण उघडलं की 'ओची चोर्निये' ही रशियन धून वाजवणारी सिगारेटपेटी. क्रालिक स्पष्ट सांगतो, हा माल खपायचा नाही. पिरोविचला 'तुमचं प्रामाणिक मत सांगा' म्हटलं की पिरोविच जिना गाठतो. सबंध सिनेमाभर प्रामाणिक मत हा शब्द कानावर पडला की तो गायब. क्लारा मात्र ती पेटी उचलते, एका गाफील बाईला ती गोळ्या-चॉकलेटचा डबा म्हणून दाखवते आणि म्हणते, दर वेळी गाणं वाजलं की तुम्हाला आठवण होईल, फार खाणं बरं नव्हे! पेटी खपते, क्लाराला नोकरी लागते आणि क्रालिक मालकासमोर खोटा पडतो. दोघांच्या भांडणाचं मूळ हे आहे. स्वभाव जुळत नाहीत वगैरे नंतरचं.

क्रालिकला ती पत्रांची जाहिरात सापडते तीही पैशांपायीच. त्याला ज्ञानकोश घ्यायचा होता, ब्राझीलमधली माणसं कशी राहतात असलं काहीबाही वाचायला. नवा परवडेना, म्हणून वर्तमानपत्रात जुना कुठे मिळतो का बघत होता, तेव्हा सांस्कृतिक विषयांवर पत्रव्यवहार करू इच्छिणाऱ्या मुलीचे चार शब्द दिसले. पेटी क्रमांक 237. ती मुलगी म्हणजे क्लाराच, पण हे दोघांनाही ठाऊक नाही. दिवसभर काउंटरवर 'या बाईसाहेब, हे बघा बाईसाहेब' करणाऱ्या दोन माणसांना संध्याकाळी कुणीतरी आपल्याशी टॉल्स्टॉयबद्दल बोलावं असं वाटतं. पत्र ही त्यांची ऐपतीबाहेरची खोली आहे, भाडं नसलेली.

खोलीवरून आठवलं. सिनेमात एक प्रसंग आहे, त्यात काहीच घडत नाही आणि मला तो सर्वांत जास्त आवडतो. लग्न केलं तर किती खर्च येईल हे क्रालिक पिरोविचला विचारतो. पिरोविच बायकापोरांचा माणूस, त्याला पै-पैचा आकडा माहीत. तीन खोल्या लागतील का? कशाला तीन? जेवायचं कुठे? स्वयंपाकघरात, मोठं स्वयंपाकघर मिळतं. आणि पाहुण्यांना बसवायचं कुठे? यावर पिरोविच उखडतोच: पाहुणे? तू कोण, राजदूत लागून गेलास? खरा मित्र असेल तो जेवण झाल्यावर येईल! फेलिक्स ब्रेसार्टने हे इतक्या प्रेमाने म्हटलंय की वाक्यातली गरिबी दिसते आणि बोचत नाही. हा ब्रेसार्टही जर्मनीतून 1933नंतर परागंदा झालेला ज्यू नट. सिनेमा आला तेव्हा युरोपात युद्ध सुरू झालेलं होतं, हंगेरीत ज्यूंविरुद्धचे कायदे झालेले होते. पडद्यावरचं नाताळच्या बर्फातलं बुडापेस्ट कॅलिफोर्नियातल्या एमजीएमच्या स्टुडिओत उभं केलेलं, आणि ते उभं करणाऱ्यांतले कितीतरी जण परत जाऊ न शकणारे. सिनेमा याबद्दल अवाक्षर काढत नाही. तरी ते ठाऊक झाल्यापासून मला तो राजदूताचा विनोद आधीसारखा ऐकू येत नाही.

यात मालकाचीही गोष्ट आहे, आणि ती चक्क काळी आहे. बायको दुकानातल्याच कुणाबरोबर आहे असं निनावी पत्र मातुशेकला येतं. संशय क्रालिकवर, म्हणून त्याची हकालपट्टी. खरा माणूस निघतो वादाश. हे कळल्यावर म्हातारा केबिनमध्ये पिस्तूल काढतो आणि पेपी नावाचा हरकाम्या पोरगा ऐन वेळी पोचतो म्हणून वाचतो. प्रेमाच्या हलक्याफुलक्या गोष्टीत मधोमध आत्महत्येचा प्रयत्न! बायको सिनेमात एकदाही दिसत नाही, लुबिचचं बंद दार इथेही आहेच. आणि पुढच्या प्रसंगात इस्पितळात पेपी बढतीची मागणी रेटून घेतो, कारण जीव वाचवल्याचं चीज आत्ता नाही करायचं तर कधी?

रीमेकमध्ये हे सगळं गेलं. मातुशेकच गेला. त्याच्या जागी फॉक्स घराण्यातले बाप आणि आजोबा आहेत, बायका बदलणारे आणि त्यावर हसणारे. दिग्दर्शिका नोरा एफ्रनने (पटकथा तिची आणि बहीण डिलियाची) चलाखीने दोघांना एका दुकानातून काढून दोन दुकानांत नेलं: कॅथलीन केलीचं मुलांच्या पुस्तकांचं लहानसं दुकान, आईकडून आलेलं, नाव अर्थातच 'द शॉप अराउंड द कॉर्नर', आणि त्याच वस्तीत उघडणारं फॉक्स बुक्सचं सवलतीवालं, कॉफीवालं अवाढव्य दालन. हे काही हवेतून काढलेलं नव्हतं. मॅनहॅटनच्या अपर वेस्ट साइडमध्ये ब्रॉडवेवर बार्न्स अँड नोबल या साखळीचं पुस्तकांचं मोठं दुकान आलं आणि 1996मध्ये जवळचं शेक्सपिअर अँड कंपनी हे पुस्तकांचं दुकान बंद पडलं. एफ्रन त्याच भागात राहायची.

कॅफेतल्या भांडणात ही अदलाबदल लख्ख दिसते. क्लारा क्रालिकला म्हणते, तुम्हाला खरवडून बघितलं तर काय निघेल? काळजाच्या जागी हँडबॅग, आत्म्याच्या जागी सुटकेस आणि बुद्धीच्या जागी सिगारेटचा लायटर, तोही न पेटणारा. म्हणजे शिवीसुद्धा दुकानातल्या मालाच्या यादीतून. ती स्वतःही तोच माल विकते, हे ती विसरते आणि आपण विसरत नाही. कॅथलीन जोला म्हणते, मेंदूच्या जागी गल्ला आणि काळजाच्या जागी नफ्याचा आकडा. हा वार चांगला बसतो, पण तो एका मालकाने दुसऱ्या मालकावर केलेला आहे.

दुसऱ्या सिनेमातल्या नोकरांचं काय? कॅथलीनचं दुकान बंद पडतं तेव्हा तिघांची नोकरी जाते. म्हाताऱ्या बर्डीने फार पूर्वी इंटेलचे शेअर घेऊन ठेवलेले निघतात, तिची चिंता मिटली. जॉर्ज फॉक्स बुक्समध्येच चिकटतो आणि खूश असतो. क्रिस्टिनाचं आपण फारसं विचारत नाही. पिरोविच असता तर त्याने हिशेब मागितला असता! एफ्रनला ही माणसं आवडतात, त्यांना ती छान वाक्यंही देते, पण त्यांच्या भाड्याची चिंता तिला नाही. झाबार्स या प्रसिद्ध खाद्यपदार्थांच्या दुकानातला एक प्रसंग आहे. थँक्सगिव्हिंगची गर्दी, कॅथलीन चुकून फक्त रोख पैशांच्या रांगेत उभी, हातात क्रेडिट कार्ड, मागचे लोक वैतागलेले. कॅशवर रोझ नावाची ठाम बाई. जो पुढे होतो, गोड बोलतो, रोझला हसवतो आणि कार्ड चालतं. प्रसंग मजेदार आहे. पण कॅमेरा काउंटरच्या बाहेर उभा आहे. लुबिचचा कॅमेरा काउंटरच्या आत होता.

आणि यांची पत्रं? जोकडे पॅट्रिशिया आहे, कॅथलीनकडे टाइपरायटरवेडा फ्रँक. घरात माणूस, खिशात पैसा, खायला बोलणी नाहीत. ईमेल ही त्यांची चैन आहे. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या डायल-अपची ती कर्कश खरखर आणि मग 'यूव्ह गॉट मेल' असा आवाज. हा आवाज ज्याचा होता तो एल्वुड एडवर्ड्स 2024मध्ये वारला. एओएल या इंटरनेट कंपनीची डायल-अप सेवा 2025च्या सप्टेंबरअखेर थांबली. एके काळी अगदी आजचा वाटणारा सिनेमा आता 1940च्या सिनेमाइतकाच जुन्या काळातला झालाय. उलट क्लाराचा हात टपालपेटीत चाचपडतो आणि रिकामाच राहतो, पेटीच्या चौकटीत तिचा चेहरा दिसतो, ते आज कुठल्याही मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

आजारपणाचा प्रसंग दोन्हींत आहे. रीमेकमध्ये जो डेझीची फुलं घेऊन येतो, कॅथलीन नाक पुसत बोलते; मेग रायन इथे फार गोड आहे. जुन्या सिनेमात क्रालिक बिछान्याशी बसलेला असताना क्लाराची मावशी पत्र आणून देते. पत्र त्यानेच लिहिलंय. ती त्याच्यासमोर वाचते, तिच्या अंगात जीव येतो, आणि त्या चेहऱ्याकडे बघणाऱ्या स्ट्युअर्टला काहीच बोलता येत नाही. आपल्या शब्दांनी कुणी बरं होतंय हे माणूस पहिल्यांदा बघतोय. हँक्स कुशल आहे, पण त्याला असा क्षण मिळाला नाही, कारण जो फॉक्सला कुणी बरं करण्याइतकं काही लिहिताना आपण फारसं पाहत नाही. तो तिला लढायचा सल्ला देतो. कुणाशी? स्वतःशीच, हे त्याला तेव्हा ठाऊक नसतं. कळल्यानंतर मात्र तो तिचं दुकान बंद पडू देतो, आणि मग महिनोन् महिने ओळख वाढवत राहतो. इथे माझं गाडं अडतं. क्रालिकही खरं लपवतो, आणि तोवर तो व्यवस्थापक झाल्यामुळे तिचा साहेबही असतो, तेव्हा त्यालाही पूर्ण माफी नाही. पण त्याने तिचं काही हिरावलेलं नसतं.

तरी एका बाबतीत मी एफ्रनला वरचढ म्हणेन. ती दुकान वाचवत नाही. हॉलिवुडच्या नियमाने शेवटच्या रिळात वस्ती धावून यायला हवी होती. वस्ती धावून येतेही, फलक घेऊन, टीव्हीवर बातमी होते, आणि विक्री वाढत नाही. दुकान बंद झाल्यावर कॅथलीन पहिल्यांदा फॉक्स बुक्समध्ये जाते. मुलांच्या विभागात एक बाई 'शूज' नावाच्या मालिकेतली पुस्तकं विचारते, विक्रेत्या पोराला लेखिका माहीत नाही. खाली बसलेली कॅथलीन सांगते: नोएल स्ट्रेटफील्ड. स्पेलिंगही सांगते, आधी कुठलं वाचा तेही सांगते, आणि डोळे भरून येतात. ज्ञान होतं, दुकान गेलं. पुण्यात मॅनीज 2012मध्ये बंद झालं, मुंबईत फोर्टमधलं स्ट्रँड 2018मध्ये. तिथल्या काउंटरवर पुस्तकाचं अर्धवट नाव सांगून पूर्ण पुस्तक हातात पडलेल्या कुणालाही हा प्रसंग साध्या डोळ्यांनी बघवणार नाही. आणि सिनेमाला तरी कुठे माहीत होतं की दालनांचीही पाळी येणार आहे. ॲमेझॉनची विक्री 1995मध्येच सुरू झाली होती. सिनेमात तिचं नावही नाही. बॉर्डर्सची साखळी 2011मध्ये संपली.

मधे 1949मध्ये याच गोष्टीवर जूडी गार्लंडचा 'इन द गुड ओल्ड समरटाइम' येऊन गेला, शिकागोतल्या वाद्यांच्या दुकानातला. गाणी ऐकायला ठीक.

शेवट मात्र लुबिचचाच. नाताळची संध्याकाळ, विक्री झकास, बोनस वाटून झालेत, दुकानात दोघंच. क्रालिक क्लाराला थाप मारतो की तुझा तो पत्रमित्र येऊन गेला: पॉपकिन नाव, टक्कल, ढेरी, आणि सध्या बेकार. तुझी नोकरी पक्की आहे ना हे विचारत होता! थट्टेतसुद्धा विषय पगाराचाच. मग तो कार्नेशन कोटाला लावतो. क्लारा हडबडते, सावरते, आणि विचारते की जरा पँट वर करून दाखवाल का. तिने कधीतरी त्याच्या फेंगड्या पायांवरून टोमणा मारलेला असतो. तो पँट वर करतो. पाय सरळ आहेत. माल तपासून घेतला. रीमेकच्या शेवटी बाग आहे, कुत्रा आहे, अश्रू आहेत आणि मागे 'ओव्हर द रेनबो'. तो तूच असावास असं किती वाटत होतं, असं कॅथलीन म्हणते. मला दर वेळी त्या पँटीची आठवण येते.

माझ्या ताईला हे काही पटत नाही. ती दुसऱ्या सिनेमाच्या बाजूची. तिचं म्हणणं, क्लाराकडे गमावण्यासारखं होतंच काय? कॅथलीनचं स्वतःचं काहीतरी होतं, ते गेलं, आणि तरी ती आपल्या पायांनी त्या बागेत गेली. मी काउंटरचा मुद्दा काढला, कॅमेरा आत की बाहेर वगैरे. ताईची सगळी नोकरी एका बँकेत कॅशवर गेली. ती म्हणाली, "जन्मभर काउंटरच्या आतच बसले मी. आता सिनेमातही तिथेच बसवतोस का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिच्याच मर्जीचा सिनेमा लावला. झाबार्सचा प्रसंग आला, टॉम हँक्स गोड गोड बोलला, रोझने कार्ड घेतलं. ताईने रिमोटने चित्र थांबवलं.

"चूक केली त्या बाईने," ती म्हणाली. "रोख म्हणजे रोख."